अवैध नाव

ईशा, नील,

भाऊआजोबा गेले हे बाबाने तुम्हाला सांगितलंच आहे. फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू ठीक आहेस ना?" आणि मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. दुःख आहेच, पण दुःखापेक्षा मला लाज जास्त वाटते आहे, आणि लाज फोनवर सांगता येत नाही. एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते. तुम्हाला वाचायला ते सोपं आणि मला लिहायला सवयीचं. हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण भाऊआजोबांशी माझं जे भांडण मिटायचं राहिलं ते एका मराठी शब्दावरून होतं. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा.

आत्ताच लिहायचं कारण असं, की परवा परदेशातल्या एका अनोळखी माणसाने मला चार शब्दांचा प्रश्न विचारला आहे. त्याला उत्तर पाठवण्याआधी मला काही गोष्टी भाऊआजोबांपाशी बोलायच्या आहेत. तेव्हा इथून पुढे 'तुम्ही' म्हणेन ते त्यांना. तुम्ही दोघं शेजारी बसून ऐका.

भाऊजी,

तुम्ही कंपनीतून रिटायर झालात तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरामागे वाल लावाल, मंदाला कुठेतरी फिरवून आणाल. तुम्ही लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर गोळा करायला लागलात. रोह्यातली माणसं म्हणायची, साहेबांनी भंगाराचा धंदा काढला. मंदा मला फोनवर म्हणाली होती, "जाऊबाई, माझ्या हॉलमध्ये आता पाहुण्याला बसायला जागा नाय." त्या जुन्या यंत्रांवर तुम्ही ते मुक्त सॉफ्टवेअर चढवायचात, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, कुणीही बदलावं असं. मी एकदा त्याला फुकटचं म्हटलं तर तुम्ही पोह्यांची बशी खाली ठेवलीत. फुकट नव्हे वहिनी, मुक्त. मी म्हटलं, एवढं मुक्त मुक्त करू नका, गळ्यात माळ घातल्यासारखे दिसता. त्यावर तुम्ही मला त्यात ओढलंत. त्या सॉफ्टवेअरच्या बटणांवरची, सूचनांवरची इंग्रजी वाक्यं मराठीत आणायचं काम चाललं होतं आणि तुम्हाला इंग्रजी पक्कं असलेलं माणूस हवं होतं. मी पेणच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. तुमचे दादा जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि माझ्या घरात घड्याळाशिवाय काही हलत नव्हतं. मी हो म्हटलं. तुम्ही मला काम दिलंत, असं मी कधी बोलून दाखवलं नाही. आज बोलते.

मला ते काम आवडलं. रोज सकाळी पूजा आटोपली की शब्दकोश घेऊन बसायचं, रांगेने वाक्यं यायची, एकेक निकालात काढायचं. वर्षभरात मी तपासनीस झाले. म्हणजे इतरांनी केलेला अनुवाद मी पास करायचा किंवा परत पाठवायचा. तुम्ही म्हणालात, आता तुमच्या हातात पुन्हा लाल पेन आलं. मला त्याचा रागही आला नाही, कारण ते खरंच होतं.

फक्त ते काम करताना कॉम्प्युटरवरचा प्रत्यक्ष पडदा दिसत नसे. वाक्य दिसे, पण ते वाक्य कुठल्या खिडकीत, कुणासमोर, कशानंतर उभं राहणार आहे ते कळत नसे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. तुम्हाला वाटायचं. तुमची सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये गेली होती. लाल दिवा लागला की शिफ्टचा ऑपरेटर घाबरतो, आणि घाबरलेला माणूस वाचत नाही, नुसतं बघतो, असं तुम्ही सांगायचात. दोन बटणं शेजारी शेजारी सारखीच दिसत असतील आणि त्याने चुकीचं दाबलं, तर तुम्ही ऑपरेटरला मेमो देत नव्हतात, पॅनेल बदलायला लावायचात. ऑपरेटर चुकला असं लिहिलेला रिपोर्ट तुम्ही सही न करता परत पाठवायचात, हे तुमच्याबरोबरची माणसं तुम्ही गेल्यावर मंदाकडे बसून सांगत होती.

तसंच तुम्ही या सॉफ्टवेअरचं करायचात. माणसाला यंत्रासमोर बसवायचं, एक साधं काम सांगायचं, आणि आपण मागे गप्प बसायचं. मदत करायची नाही, खुणावायचं नाही, हसायचंही नाही. तो कुठे थांबतो, कुठे ओठ आवळतो, ते फक्त बघायचं. माझ्यासारख्या बाईला याहून कठीण शिक्षा नव्हती. जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात तुम्ही मला पहिल्यांदा नेलंत ते आठवतं? रंगकाम करणाऱ्या बायकांना मूर्तींचे फोटो नीट लावून ठेवायला शिकवायचं होतं. पहिलीच खिडकी समोर आली आणि वर ठळक अक्षरांत 'उघडा'. हातात ब्रश घेऊन एकजण शेजारणीला म्हणाली, "कोन गो उघडा?" दुसरीने सोवळ्याशिवाय मांडलेल्या, अजून रंग न लागलेल्या गणपतींच्या रांगेकडे बोट दाखवलं. सगळा कारखाना हसला. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत, पण तुमचा नियम पाळत गप्प बसला होतात. बसस्टॉपवर आल्यावर मात्र पोट धरून हसलात. तो अनुवाद माझाच होता. तेव्हा मला लाज वाटली नाही, मजाच वाटली. तिथेच मी काहीतरी शिकायला हवं होतं.

मग खांब गाव.

हायवेपासून थोडं आत, त्या वाचनालयाच्या खोलीत तुम्ही तीन यंत्रं मांडली होतीत. तुमचा हट्ट होता की येणाऱ्या प्रत्येकाचं आपलं वेगळं खातं हवं, आपल्या नावाचं. स्वतःचं नाव टाइप केलं की स्वतःचा पडदा उघडेल. डोंगराकडच्या वाडीवरची सुनी हिलम आली होती. आश्रमशाळेत शिकलेली, लेकीच्या अभ्यासासाठी हे शिकायचं म्हणत होती. तुम्ही तिला सांगितलंत, पहिल्यांदा तुझं नाव टाक, आणि मागे जाऊन बसलात. मी तुमच्या शेजारी.

तिने एकेक कळ शोधत मराठीत नाव लिहिलं. वेळ लागला, पण बरोबर लिहिलं. दाबलं. खाली लाल अक्षरं आली: अवैध नाव.

त्या प्रोग्रॅमला खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांतच चालायचं, एवढंच त्यामागचं कारण. इंग्रजीत तिथे 'इनव्हॅलिड नेम' असे दोन शब्द होते. मी शब्दकोश पाहून, दोनदा तपासून, त्याचे दोन मराठी शब्द केले होते. सुनी थांबली. तिने ते ओठांनी वाचलं. आणि मी तुमचा नियम मोडला. मी पुढे वाकून, वर्गात सांगावं तसं तिला सांगितलं, की अवैध म्हणजे नियमात न बसणारं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ठाव हाय मला. आमच्या घरांवर पाडायचा कागद लावलेला, त्याच्यात व्हता."

पदर खोचून ती उठली. दारापाशी चपला घालताना तुम्हाला म्हणाली, "येतंय भाऊ," आणि गेली. परत आली नाही.

परतताना तुम्ही मला कोलाडपर्यंत स्कूटरवर सोडायला आलात. वाऱ्यात ओरडून ओरडून भांडलो आपण. शेवटी तुम्ही टपरीपाशी स्कूटर उभी केलीत. तुमचं म्हणणं, हा शब्द आजच्या आज काढा. माझं म्हणणं, शब्द बरोबर आहे, कोशात आहे, मूळ इंग्रजीला धरून आहे. तुम्ही म्हणालात, मग मूळ इंग्रजीच बिनडोक आहे. तुम्ही सुचवलंत, तिथे लिहा: मला हे नाव अजून वाचता येत नाही. इंग्रजी अक्षरांत लिहाल का? मी विचारलं, यंत्र कधीपासून स्वतःला 'मला' म्हणायला लागलं? तुम्ही म्हणालात:

"वहिनी, तुम्ही वाक्य बघता. मी ती बाई बघितली."

मला ते लागलं. मीही बघितली होती, आणि मला वाटलं तुम्ही म्हणताय की मला दिसलं नाही. चहा अर्धा ठेवून मी पेणच्या एसटीत चढले.

तुम्ही तुमचं वाक्य रीतसर पाठवलंत, आणि तपासनीस म्हणून मी ते नाकारलं. खाली शेरा मारला, मूळ अर्थाशी सुसंगत नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. तुम्ही दुसरा मार्ग धरलात. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या परदेशातल्या मंडळींना थेट रिपोर्ट केलात, जिथे कुणीही अडचण नोंदवू शकतो आणि जे लिहिलं ते सगळं जग वाचू शकतं. तुमच्या कंपनीच्या इंग्रजीत लिहिलंत. ते मला पाठ आहे:

"लेडी केम. लेडी टाइप ओन नेम. सॉफ्टवेअर से नेम इज नॉट लीगल. लेडी गो होम."

भाऊजी, मला ते वाचून घाम फुटला. आपल्या घरचं इंग्रजी असं जगासमोर, असं वाटलं. तुमच्याशी बोलायला हवं होतं. मी त्याच पानावर, तुमच्या बरोबर खाली, माझ्या नावानिशी लिहिलं की वरील मजकुराची सुधारित आवृत्ती अशी, आणि नीट वाक्यांत सगळं पुन्हा मांडलं. 'लेडी'चं 'युजर' केलं. सॉफ्टवेअर काही म्हणत नसतं, म्हणून ते वाक्य कर्मणी केलं. आणि 'लेडी गो होम' याच्या जागी, नोंदणी पूर्ण झाली नाही अशा अर्थाचं एक सभ्य वाक्य बसवलं. शेवटी जोडलं, की मराठी अनुवाद अचूक आहे.

काही दिवसांनी त्यांच्यातल्या कुणीतरी माझे आभार मानले, अनुवाद अचूक असेल तर आमच्या बाजूने करण्यासारखं काही नाही असं लिहिलं, आणि रिपोर्ट बंद केला. मला बरं वाटलं. माझ्या इंग्रजीची तारीफही केली होती त्याने. मी ती तुमच्या भावाच्या फोटोसमोर वाचून दाखवली होती, हे फक्त तुम्हाला सांगते.

तुम्ही पुढच्या आठवड्यात फोन केलात तो पापडांसाठी. मंदाला पेणचे पोह्याचे पापड हवे होते. फक्त त्या दिवसापासून तुम्ही मला वहिनीच्या जागी अधूनमधून 'मॅडम' म्हणायला लागलात, हसत हसत. मी थट्टेवारी नेलं. थट्टा कुठली ते मला कळत होतं.

आणि मग माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही रोह्याहून गाडीने येऊन माझ्या यंत्रापाशी बसलात. अक्षरं मोठी केलीत, पांढरा उजेड कमी केलात, माउसचा बाण मला सापडत नाही म्हणून त्याला लिंबाएवढा केलात. मी कुठे अडखळते ते मागे बसून बघत होतात आणि एकेक काढून टाकत होतात. मी चिडून म्हटलं, मला काही जमत नाही आता. तुम्ही म्हणालात, तुम्हाला जमतंय, याला जमत नाही. एवढं करून चहा घेऊन गेलात. तेव्हा तरी मी खांबचा विषय काढायचा होता. जिभेवर आलं होतं. मला वाटलं, डोळे बरे झाले की बोलू, समोरासमोर, नीट. नीट करायच्या सवयीने माझं बरंच काही राहून गेलं आहे, पण इतकं मोठं दुसरं काही नाही.

तुम्ही गेल्यावर वरसेला मंदाला भेटायला माणसं येत होती, त्या दिवसांत एका दुपारी सुनी आली. वाडीवरच्या आणखी दोघी बरोबर होत्या. मंदाच्या पायांशी बसली, रडली. मी पाणी घेऊन गेले तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी त्याच ना, तितं बसलेल्या?" मी हो म्हटलं. वाटलं आता ही काहीतरी बोलेल. मला ते हवंच होतं. पण ती तुमच्याबद्दल बोलायला लागली.

तुम्ही तिच्या वाडीवर गेला होतात. आम्हाला कुणाला माहीत नाही, मंदालाही नाही. तिच्या ओट्यावर बसून तुम्ही तिला सांगितलंत की नाव चांगलं आहे, आमचं मशीन अडाणी आहे, त्याला तुझं नाव वाचता येत नाही. ती हसली होती म्हणे. तुम्ही म्हणालात, मशीन शिकलं की बोलवायला येईन. आणि ते शब्द कुणी लिहिले असं तिने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आम्ही लिहिले.

आम्ही. भाऊजी, तुम्ही त्यात स्वतःला का घेतलंत?

मी तिला विचारलं, मग पुन्हा का नाही आलीस खांबला? इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं असतं कुणीही. तिने मंदाचा हात सोडला नाही, मान वळवून मला विचारलं:

"मशीन शिकला काय?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग येऊन काय करू. त्यात राग नव्हता. दुकान उघडलं का विचारावं आणि नाही म्हटल्यावर परत फिरावं, तितकं साधं.

पेणला आल्यावर मी ते वाक्य बदललं. तपासनीस अजून मीच आहे, मला कुणाला विचारावं लागलं नाही. तुमचं वाक्य होतं तसं घातलं, 'मला' सकट. त्यात एक स्वल्पविराम हवा असं मला अजूनही वाटतं. दिला नाही. पण शब्द बदलून भागत नाही हे आता मलाही कळतं. यंत्राने कितीही नम्रपणे सांगितलं तरी ते तिचं नाव घेत नाहीच. तुम्ही तिला नम्रपणा कबूल केला नव्हता, तुम्ही तिला सांगितलं होतं मशीन शिकेल. म्हणून मी तुमचा बंद झालेला रिपोर्ट पुन्हा सुरू केला. लिहिलं की मी वर केलेली सुधारणा चुकीची होती, कृपया मूळ मजकूर वाचावा. आणि मूळ मजकूर लिहिणारे आता नाहीत.

माझा मजकूर काढून टाकायचा मी प्रयत्न केला. तिथे तसं करता येत नाही. ज्याला वाचायचं असेल त्याला तो तसाच दिसणार, तुमच्या चार ओळी, आणि खाली माझ्या चौदा. आधी मला ते सहन होत नव्हतं. आता वाटतं, राहू दे.

परवा उत्तर आलं. नवा कुणीतरी आहे, पूर्वीचा नाही. त्याने लिहिलं आहे की पहिला रिपोर्ट पूर्णपणे स्पष्ट होता, दुसरा वाचून त्याचा गोंधळ झाला. मराठी अक्षरांतली नावं घ्यायला काय काय बदलावं लागेल ते तो बघतो आहे. सोपं नाही, वेळ लागेल, पण काम त्याने आपल्याकडे घेतलं आहे. आणि शेवटच्या ओळीत त्याने विचारलं आहे: बाई परत आली का?

जन्मभर मी मुलांना सांगत आले की उत्तर पूर्ण वाक्यात लिहावं. या माणसाला काय लिहायचं याचे मी सकाळपासून बरेच मसुदे केले. एकात मी कशी चुकले ते होतं, एकात तुम्ही कसे होतात ते होतं. दोन्ही फाडले. त्याने माझ्याबद्दल विचारलेलं नाही, तुमच्याबद्दलही नाही. तो तिच्याबद्दल विचारतो आहे. त्याला तुमच्या इंग्रजीतून ती बाई दिसली, माझ्या इंग्रजीतून दिसली नव्हती.

आत्ता लिहून पाठवलं. नाही, ती आलेली नाही. यंत्राला तिचं नाव वाचता आलं की मी स्वतः वाडीवर जाऊन तिला सांगणार आहे. तिचं नाव सुनी हिलम आहे, आणि ते मराठीत असं लिहितात. खाली मराठीत लिहिलं, त्याला तपासून बघायला उपयोगी पडेल म्हणून.

ईशा, नील, भाऊआजोबांचं काय शिल्लक आहे असं तुम्ही उद्या विचाराल, तर हे आहे. खांबच्या खोलीत तीन यंत्रं आहेत आणि ती चालतात. 'अवैध नाव' हे शब्द पुढच्या आवृत्तीपासून निघाले आहेत. जुन्या यंत्रांवर अजून आहेत. सुनी हिलमचं नाव अजून घेतलं जात नाही. रिपोर्ट चालू आहे, आणि त्यात सगळ्यात वर त्यांची चार वाक्यं आहेत, त्यांनी लिहिली होती तशी.